खंडोबाला न येणारी भाषा

परवा रविवारी सकाळी मी पारनेरला गेलो होतो, भंडारा आणि नारळ आणायला. आमच्या घराचं आणि आप्पांच्या घराचं भांडण त्या दुपारी मिटणार होतं. आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. मी शाळेत असताना त्यांनी आणि माझ्या वडिलांनी, दादांनी, गावच्या खंडोबापुढे बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की या घरचं माणूस त्या घरच्या माणसाशी एक शब्द बोलणार नाही. आता माझ्या मिशा पिकल्या. मधल्या काळात दोन्ही घरांनी तो अबोला इतका जीव लावून सांभाळला, की तेवढ्या निगराणीत माळावर डाळिंबाची बाग उभी राहिली असती.

भांडण कशावरून, ते विचारू नका. आम्हीही कधी विचारलं नाही. चांगलं भांडण हे चांगल्या दह्यासारखं असतं, विरजण कुठून आणलं होतं ते कुणाला आठवत नाही.

तर मिटणार म्हणून मी खुशीत असेन, अशी तुमची समजूत असेल. अजिबात नाही. मी चांगलाच धुसफुसत होतो. एक तर मिटवायचं ठरवलं आप्पांनी, म्हणजे मोठेपणा त्यांच्या पदरात. आप्पा थकले होते, आणि गावचा रिवाज असा, की ज्यानं भंडारा उचलला त्यानंच जिवंतपणी स्वतःच्या हातानं तो देवापुढे खाली ठेवायचा. ठेवायच्या आधी डोळे मिटले, तर शपथ घरावर कायमची बसते. म्हणून घाई. दुसरं म्हणजे त्यांची मुलगी शकू, माझी चुलत बहीण, कर्जतहून खास येणार होती. आणि तिला ऐकवायला माझ्याकडे एक भाषण तयार होतं. अस्सल मराठीत. किती उन्हाळे मी ते मनात घासतपुसत आलोय! बांधावर, बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत. त्यात शिव्या बेताच्या होत्या, पण उपमा अशा होत्या की ऐकणारा आठवडाभर जेवला नसता. आणि पोरवय सरल्यापासून मी शकूशी मराठीत एकदाही बोललो नव्हतो. बोललो ते सगळं इंग्लिशमध्ये.

नारळ घेऊन वळलो, तर समोर खताचं दुकान. दुकान तेच, वरची खोलीही तीच. बाजूचा लोखंडी जिना गंजून अर्धा झालाय आणि खोलीच्या खिडकीत मोबाईल दुरुस्तीची पाटी लागलीय. मी उगाच जिन्याच्या कठड्याला हात लावला, आणि हाताला लागलेल्या गंजाबरोबर नाकात वास आला. युरियाचा. कीटकनाशकाचा. आणि त्यावर तरंगणारा शकूच्या वेणीतल्या खोबरेल तेलाचा, ज्यानं माझं आजही डोकं उठतं.

त्या खोलीत उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लिश बोलण्याचा क्लास भरायचा. सर नगरहून पहिल्या एसटीनं यायचे. वांग्याच्या रंगाचा सफारी, पायात करकरणारे सँडल, खिशात नेहमी बडीशेप. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गाव त्यांना यस्टर्डे सर म्हणायचं, कारण त्यांच्या क्लासात प्रत्येकानं उभं राहून 'यस्टर्डे' म्हणायचं आणि काल घडलेली गोष्ट सांगायची, हाच एक नियम.

"वर्तमानकाळ शिकून काय करणार?" ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुमच्या तालुक्यात वर्तमान म्हणजे दुष्काळ. भविष्य म्हणजे पुढच्या वर्षीचा दुष्काळ. सांगण्यासारखं जे काही आहे, ते होऊन गेलंय. म्हणून आधी भूतकाळ."

वर पत्रा. दहा वाजले की तो टणटण वाजायला लागायचा. खालून वजनकाट्याचा खणखणाट, बाजाराच्या दिवशी मेथीवाल्या बायांच्या हाका. अर्ध्या खोलीत गोण्यांची थप्पी, तिच्यावर चिमण्या. आणि त्या धुरळ्यात उभी राहून आमची पोरं धडधडीत खोटं सांगायची. "यस्टर्डे आय वेंट टू द गार्डन." पारनेरात गार्डन! "आय ड्रँक वन ग्लास मिल्क." घरचं सगळं दूध डेअरीला घालणारं ते पोरगं. इंग्लिशमधला काल हा कुठल्यातरी दुसऱ्याच गावातला काल होता. तिथे बंब तापवावा लागत नव्हता, शेण काढावं लागत नव्हतं, आणि फुलपाखरं फार होती.

सरांनी जोड्या लावल्या आडनावावरून. माझं आणि शकूचं आडनाव एक. ती आप्पांनी क्लासला पाठवलेली, कारण दादांनी मला पाठवलं होतं. दादांनी मला पाठवलेलं, कारण आप्पा तिला पाठवणार असल्याची कुणकुण लागली होती. मी विरोध करायला तोंड उघडलं, पण सर म्हणाले, "भाऊ-बहीण आहात, लाजता काय? आजपासून तुम्ही पार्टनर."

अख्खा क्लास खोकला. सगळ्यांना भंडाऱ्याचं माहीत होतं. सर सोडून.

आम्ही समोरासमोर उभे राहिलो आणि मी खिडकीबाहेर बघितलं, तिनं छताकडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी छत घेतलं, तिनं खिडकी. सर वैतागले. म्हणाले, उद्या बोलला नाहीत तर फी परत आणि घरी जा. आता फी परत म्हणजे दादांच्या हातून मी जिवंत सुटणार नव्हतो, आणि तिकडे तिचीही तीच गत असावी. कारण दुसऱ्या दिवशी शकूनं वेण्या मागे टाकल्या, पाय रोवले, आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली,

"यस्टर्डे युवर बफेलो केम इन अवर फील्ड. शी एट अवर घास."

गोण्यांवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. सरांनी मात्र टाळी वाजवली. "व्हेरी गुड! गार्डन नाही, बटरफ्लाय नाही. ही खरी गोष्ट! पार्टनर, यू से."

मी बोललो, "युवर फादर ब्रोक अवर कुंपण."

तिथून जे सुरू झालं! क्लासची पोरं गोण्यांवर चढून बसायला लागली. खालचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून जिन्यात उभा राहायचा. एक अक्षर कळत नसे त्याला, पण कोण वरचढ आहे ते अचूक सांगायचा. आणि मग एका सकाळी सरांनी आम्हाला 'हॅड' शिकवला. जे घडलं त्याच्याही आधी जे घडलं होतं, ते सांगायचा शब्द. भाऊबंदकीला याहून कामाचं हत्यार कुणी घडवलं नसेल. मी म्हणालो, तुझ्या बापानं बांधाचा दगड सरकवला. ती म्हणाली, बिफोर दॅट तुझ्या बापानं पाट फोडला होता. मी म्हणालो, बिफोर दॅट तुझ्या आजोळच्यांनी बैल... असं करत करत मृगापर्यंत आम्ही आमच्या दोघांच्या सामाईक खापरपणजोबांपर्यंत पोहोचलो आणि त्या बिचाऱ्याचे दोन तुकडे केले.

गावात ही बातमी न जाते तर ते गाव कसलं! संध्याकाळी मी घरी आलो, तर दादा ओट्यावर, हातात बैलाचा आसूड.

"तिच्यासंगं बोल्लास म्हनं."

"इंग्लिशमधी बोल्लो."

"तोंड तुजंच हुतं ना?"

तिकडे आप्पांच्या ओट्यावरही हाच संवाद चालू असणार, कारण शकूचं रडणं दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून ऐकू येत होतं आणि मला, देवाशपथ, फार बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ आपापलं कार्टं धरून देवळात हजर. मध्ये गुरव. तंबाखूचा बार भरलेला, डोळे अर्धे मिटलेले. बराच वेळ त्यानं गाल हलवले.

"शपत कुठल्या भाषंत घेतल्ती?"

"कुठल्या म्हंजी?" दादा म्हणाले. "मराठीत."

"मग मराठी बंद. दुसऱ्या भाषंचं देवाला तुमी काय बोल्ला व्हता? काय न्हाई."

"देवाला समदं कळतंय," आप्पा म्हणाले, खांबाकडे बघून.

"कळत आसंल," गुरव म्हणाला. "पन मला न्हाई इंग्लिश कळत, आन देवाचं मी सांगतो. पोरं बोलूद्या."

हा निवाडा आमच्याच गावात होऊ शकतो. दोन्ही भाऊ एकमेकांकडे न बघता परतले, आणि वाटेतच दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. बोलायचं तर खूप होतं. आणि आता बोलणारं माणूस घरात होतं.

विहीर सामाईक होती. ज्वारीच्या दिवसांत पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरं काठावर जमायची. डिझेल इंजिनचा धूर, ओल्या मातीचा वास, पाटात पडलेली जांभळ्या आभाळाची चकती, आणि इंजिनच्या दोन बाजूंना मी नि शकू, खांबासारखे.

"सांग तिला," दादा गरजायचे, "म्हनाव तुज्या बापाच्या तोंडात किडं पडतील, हाडं काढून कुत्री न्हेतील, आन त्या कुत्र्यांनाबी खरूज हुईल!"

मी घसा साफ करायचो. "माय फादर वॉज अँग्री."

शकू मान डोलवून तिच्या वडिलांना सांगायची, "काका चिडल्यात म्हन्तोय."

"येवढंच? येवढा येळ तर वराडत हुता!" आणि मग आप्पांचा पट्टा सुटायचा. आमच्या सात पिढ्या, आमची म्हैस, आमच्या घराची उत्तरेकडची भिंत. तो ओसरला की शकू माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणायची, "माय फादर वॉज ऑल्सो अँग्री."

तिच्यावर उपकार करायचा म्हणून मी गाळायचो, असं समजू नका. मला तेवढंच येत होतं. तिलाही. पेरणीच्या तोंडाला दुकानदाराचा खताचा माल आला, वरची खोली गोण्यांनी छतापर्यंत भरली, आणि क्लास बंद झाला. सर म्हणाले होते, दिवाळीनंतर येतो, भविष्यकाळ शिकवतो. आले नाहीत. वांग्याच्या रंगाचा तो सफारी पुन्हा कुणी पाहिला नाही. त्यामुळे आम्ही दोघं भूतकाळातच अडकून पडलो. काल तू काय केलंस, तुझ्या बापानं काय केलं होतं, एवढंच आम्हाला विचारता यायचं. उद्या काय, ते कधीच नाही.

आणि लिंबोणी. बांधावर एक लिंबोणी होती, दोन्हीकडे सारखी वाकलेली. शपथेच्या आधी आई आणि काकू तिच्याखाली एकत्र बसून लोणचं घालायच्या. परातीत फोडी, मीठ, हळद, आणि दोघींच्या बांगड्यांचा एकच आवाज. आम्ही पोरं हाताला लागलेला रस जखमांवर पिळून कोण आधी ओरडतं ते बघायचो. शकू कधी ओरडली नाही, दुष्ट. विहिरीवरच्या त्याच हंगामात एका सकाळी लिंबोणी आडवी पडलेली दिसली. खोड ताजं, पांढरं. पानं अजून हिरवीगार, तिला मेल्याचं कळलंच नसल्यासारखी. दादा म्हणाले आप्पा. आप्पा म्हणाले दादा. दोन्ही अंगणांत कितीतरी दिवस हिरव्या सालीचा वास भरून राहिला आणि दोन्ही घरं तो वास हुंगत एकमेकांना शिव्या देत होती. पडलेली लिंबं आईनं आमच्या बाजूनं गोळा केली, काकूनं त्यांच्या. त्या वर्षी भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच लोणचं मुरलं. त्यानंतर तशी चव आली नाही. मी नगरचं खाल्लं, पुण्याचं खाल्लं. सगळी थुंकली.

शकूचं लग्न आमच्या गल्लीच्या तोंडाशीच झालं. आम्हाला अक्षता नव्हत्या. आई दार लावून आत बसली, पण मंगलाष्टकांना दार कुठे अडवतं? प्रत्येक 'सावधान'ला तिच्या हातातलं सूप हलत होतं. मी मुद्दाम, नाक खुपसायला म्हणून, गल्लीतल्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. जीपमध्ये चढताना शकू थांबली. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं मला शोधलं.

"यू वेअर अ डाँकी, पार्टनर."

"यू ऑल्सो वेअर," मी म्हणालो.

जीप गेली. वऱ्हाडाला वाटलं, काहीतरी शिकल्यासवरल्यांचा निरोप असेल.

दादा गेले ते मार्गशीर्षात. त्याआधी चार जाणत्यांनी खाटेशी बसून विनवलं, दादा, आता भंडारा खाली ठेवा. दादांनी मूठ वळली आणि भिंतीकडे तोंड केलं. तसेच गेले. आप्पा स्मशानाबाहेर बाभळीखाली उभे होते, डोक्यावर टॉवेल घेऊन. कुणाशी बोलले नाहीत. पण सूतक फिटेपर्यंत भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला नाही. तेही मला आवडलं नव्हतं. आमच्या दादांचं सूतक पाळायला यांना सांगितलं कुणी?

असा सगळा धुमसता माल घेऊन मी परवा दुपारी देवळात पोहोचलो. आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, खुर्चीसकट उचलून. कधीकाळी ज्या हातांनी बांधाचा दगड सरकवला, ते हात आता भंडाऱ्याच्या चिमटीनंही थरथरत होते. गुरव तोच. दात गेलेत, तंबाखू गेली नाही. आणि खांबाला टेकून शकू. चष्मा लागलाय, अंगानं भरलीय, पण उभी तशीच. पाय रोवून.

आप्पांनी मूठभर भंडारा घेतला, देवापुढच्या पायरीवर ठेवला. आवाज चिरका झालाय. "माज्या मुठीतला भंडारा म्या खाली ठेवला. माजं घर मोकळं."

लोकांनी येळकोट केला. दादांचा भंडारा मुलानं ठेवला तरी चालेल, असं धरून मी पुढे झालो. माझीही मूठ भरलेली, भाषण ओठावर.

"तू कशाला?" गुरव म्हणाला.

"दादांच्या वतीनं."

"तू उचलल्ता का?"

"न्हाई. पन दादा..."

"दादांनी ठिवला का? मूठ वळून गेला. त्यांचा भंडारा त्यांच्यासंगं गेला. तुजं घर शपतंत बांधल्यालंच हाय."

मला वाटलं, म्हातारा चळला. "मग आता?"

"मग काय? अर्दा उतरला. त्यांनी तुमच्याशी बोलावं. तुमी त्यांच्याशी बोलायचं न्हाई."

"हा कुठला न्याव?"

"न्याव न्हाई ह्यो. भंडारा हाय."

देऊळ हसलं. सगळं, लहानथोर. मी माझ्या बापाच्या फोटोला लागलेल्या हारासकट त्यांची मनातल्या मनात काय काय पूजा केली, ते इथे लिहीत नाही. तयार भाषण, त्यातल्या त्या उपमा, सगळं घशातच राहिलं. आणि समोरून शकू चष्मा पुशीत चालत आली.

"काय रं मिशाळ," ती म्हणाली.

मराठीत. मला तिचा मराठी आवाज ओळखूच आला नाही. काकूचा आवाज होता तो.

"तुज्या म्हशीनं आमचा घास खाल्ला त्याचं काय? आन माज्या लग्नात लिंबाखाली भुतावानी हुबा हुतास, आत यायला पाय मोडलं हुतं का तुजं? चार घास जेवला आसतास तर जात बाटनार हुती? आन काका गेले तवा मला कळवलं न्हाईस. परक्याच्या तोंडून कळलं मला. परक्याच्या!"

बोलत होती, बोलतच होती. धरण फुटल्यासारखी. माझ्यापेक्षा तिचं भाषण चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागतंय आणि ते मी तिला कधीही सांगणार नाही. मी आपला मूठ वळून उभा. शेवटी ती दमली. चष्मा काढून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळू विचारलं,

"आता एक खरं सांग. लिंबोनी कुनी तोडली?"

गुरवानं माझ्याकडे बोट रोखलं, मराठी काढलीस तर बघ, अशा अर्थी. मी घसा साफ केला. पत्र्याखालचा तो उन्हाळा, चिमण्या, सफारी, सगळे येऊन बसले.

"देअर वॉज अ लेमन ट्री," मी म्हणालो.

"मग?"

"इट वॉज अ व्हेरी गुड ट्री."

"त्ये मला ठावं हाय. पुढं?"

"युवर फादर कट इट."

खुर्चीतून आप्पांनी मान वर केली. "काय म्हन्तोय गं त्यो?"

शकूनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "काय न्हाई आप्पा. चिडलाय म्हन्तोय."

"येवढंच?" आप्पा म्हणाले. "आजून?"

"आजून."

आणि ती खाली वाकली. पायरीवरचा, आप्पांनी आत्ताच ठेवलेला भंडारा तिनं मुठीत उचलला. गुरव काठी टेकत उठला, "ए बाई, ठिव! ठिव खाली आधी!"

शकूनं मूठ वर नेली, आणि सगळा भंडारा माझ्या तोंडावर हाणला.

डोळ्यांत गेला, नाकात गेला, मिशीत बसला. जिभेवर हळद, तीच, परातीतली. मी ठसकत, शिंकत, आंधळ्यासारखा खांब चाचपत राहिलो. येळकोटाचा गलका उठला, आणि त्या गलक्यातून अगदी कानाशी तिचा आवाज आला.

"आता बोल इंग्लिश, पार्टनर."